शनिवारचं वजन

आयुष्यभर मी वजनकाटे दुरुस्त केले. बायको तिच्या धाकट्या भावाला मूत्रपिंड देणार होती. डॉक्टर म्हणाले, "वजन पंच्याहत्तरच्या आत आणा, मग बघू." उपाशी राहून ती दर शनिवारी घरच्या काट्यावर चढायची. ती अंथरुणाला खिळली तर माझं कोण करणार, म्हणून मी आदल्या संध्याकाळी काट्याचा स्क्रू फिरवायचो; कधी अर्धा किलो उतरवायचो, कधी पाऊण चढवायचो, पण आकडा पंच्याहत्तरच्या आत येऊ द्यायचो नाही. "अहो, कपडे तर सैल होतायत!" "धुतल्यावर कापड सैलावतंच. वजन वरखाली व्हायचंच, धीर धर." भावाचा फोन यायचा, "ताई, किती राहिलं?" "थोडंच रे, राजा." सातव्या महिन्यात तो गेला. ती भिंतीला टेकून बसली. "माझ्या जिभेनं खाल्लं हो त्याला. एक घास आवरला नाही!" मी पाठीवरून हात फिरवला, हाताला बरगड्या लागल्या. "असू दे," म्हणालो, "सगळ्यांनाच नाही जमत."