वीस तारखेची गाडी

न्हावऱ्याची म्हाळसाबाई सत्तरीतही पाच किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत जिल्ह्यात पहिली यायची, पण नागपूरची राज्य स्पर्धा तिला कधी घडली नाही. गेल्या साली दौंडहून गाडीचं रिझर्वेशन झालेलं, तर चुलतसासरे गेले. त्याच्या आदल्या साली थोरली जाऊ. भावकी साठ घरांची. या वयात कोणी ना कोणी जायचंच, आणि सुतकातली बाई शर्यतीला निघाली तर गाव जगू देईल का?

यंदा गाडी वीस तारखेची होती. पंधरा दिवस म्हाळसाबाई अंथरुणाला खिळलेल्या चुलतदिराला, बिराजीला, दोन्ही वेळा पेज भरवत होती, गोळ्या देत होती.

"सख्खी भन बी एवढं करत न्हाई," बाया म्हणायच्या.

सतरा तारखेला बिराजीनं चमचा हातानं बाजूला सारला.

"वहिनी, गाडी कवाची हाय तुमची?"

ती चपापली. "वीसची, भावजी."

त्यानं धापा टाकत तिच्याकडं मान वळवली.

"लई दम धरला, वहिनी. पर वीसपतूर न्हाई जमायचं."