मंगळवारचा शिवणक्लास

“काकू, आज पुढच्या दाराने?”

तिकिटं फाडणाऱ्या मुलीने असं विचारलं तेव्हा ऑडिटरने मागे वळून पाहिलं. मागे दुसऱ्या कोणी काकू नव्हत्या. त्याची बायकोच होती, पदर सारखा करत.

“मी? छे, मी पहिल्यांदाच येतेय,” बायको म्हणाली.

“हो का? मग... सॉरी हं,” मुलगी गडबडली आणि तिने पुढच्या माणसाचं तिकीट हातात घेतलं.

ऑडिटरला हसू आलं. त्याची बायको आणि दारूच्या भट्टीवर! खोकल्याचं औषध घेतानासुद्धा ती नाक मुरडायची. तो नुकताच निवृत्त झाला म्हणून लेकीने ही दोन तिकिटं पाठवली होती. शहरातली छोटीशी डिस्टिलरी, धने-साली घालून जिन गाळणारी; आत फिरून बघायचं, शेवटी चार घोट चाखायचे. बायको नको नको म्हणत होती. त्यानेच ओढून आणलं होतं.

जागा जुन्या गॅरेजची, टायरवाला आणि लाँड्री यांच्या मधली. आत उबारा होता आणि भिजलेल्या पिठासारखा वास. मुलगी पुढे, पाहुणे मागे. पिंपांमधल्या अंधाऱ्या बोळात बायको हळूच म्हणाली, “जपून, पायरी आहे.” ऑडिटरने पाऊल टाकलं आणि खरोखरच पायरी लागली.

तांब्याच्या भट्टीपाशी थांबून मुलगी सांगू लागली, “पहिली धार आम्ही ओतून देतो. ती प्यायची नसते.”

“काय सांगता! पहिल्या धारेचीच तर नावाजलेली,” ऑडिटर म्हणाला. पाहुणे हसले.

“बाधते ती,” बायको पुटपुटली. “नखांचा रंग काढायच्या औषधासारखा वास असतो तिला. तो गेला की मगच खाली बाटली लावायची.”

मुलीने मान डोलावली, आणि मग काही तरी चुकल्यासारखी आपल्या गमबुटांकडे बघत राहिली.

ऑडिटरला ताळा लागेना. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका धरल्या होत्या. पण ही बाई इथे आली कधी? ती जाते कुठे? भाजीला, दवाखान्यात, आणि मंगळवारी दुपारी शिवणक्लासला. शिवणक्लास! वर्षानुवर्षं चाललेल्या त्या क्लासातून घरात एक रुमालसुद्धा शिवून आला नव्हता, हे त्याच्या आत्ता, भट्टीसमोर उभं असताना लक्षात आलं.

चाखायच्या खोलीत सगळे लांब टेबलाभोवती बसले, तेवढ्यात मागचं दार ढकलून भट्टीवाला आला. तरुण, बाह्या दुमडलेल्या, हातात एक ग्लास.

“काकू! देवासारख्या आलात. आजच्या खेपेत काही तरी बिघडलंय. बघता का जरा?”

मुलीने त्याला डोळ्यांनी खुणावलं. त्याला कळलं नाही.

“अहो, ती पीत नाही,” ऑडिटरने उत्तर दिलं. बायकोला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं नेहमी तोच देत असे.

पण या वेळी त्याच्याकडे कोणी बघितलंच नाही. बायकोने ग्लास घेतला, डोळे मिटले, नाकाखाली धरला. भट्टीवाला श्वास रोखून उभा. मुलगी हातातली बाटली तशीच धरून. पाहुणेही, का ते न कळून, गप्प झाले.

“धने कोणी भाजले?” अखेर ती म्हणाली. “कच्चेच टाका म्हटलं होतं ना? आणि संत्र्याची साल शिळी आहे.”

भट्टीवाल्याने कपाळावर हात मारला आणि तो आल्या पावली पळाला.

पाहुण्यांनी आपापले घोट चाखले, वाहवा केली आणि ते निघून गेले. ऑडिटर बसूनच राहिला. त्याचे चारही ग्लास जसेच्या तसे होते.

“शिवणक्लास?” त्याने विचारलं.

“एकदा क्लासला जाताना बस चुकली. इथून करपल्याचा वास येत होता, म्हणून आत येऊन सांगितलं. यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मग म्हणाले, काकू, येत जा.”

“पितेस तू?”

“छे! कडू लागते मला.”

रागवायला हवं होतं. पण कशावरून रागवायचं, तेच त्याला सापडेना. पीत नाही. भट्टीवाला लेकीहूनही लहान. खोटं बोलली म्हणावं, तर क्लासमध्ये काय शिकलीस, हे त्याने इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

“मग येतेस तरी कशाला?”

बायको बराच वेळ टेबलावरचा ओला डाग बोटाने पुसत राहिली. ऑडिटरच्या जिभेवर उत्तरं आली, एकदोन नव्हे, चांगली पाच-सहा. त्यातलं कुठलं खरं असेल ते त्याला कळेना. पहिल्यांदाच कळेना.

“हे लोक थांबतात,” ती म्हणाली. “मी वास घेते ना, तेव्हा. माझं बोलून होईपर्यंत थांबतात.”

त्याने पहिला ग्लास उचलून हुंगला. “मला तर नुसता दारूचाच वास येतोय.”

“तो वरवरचा असतो. त्याच्या खाली बघा.”

“खाली काय आहे?”

“ते मी कसं सांगू? नाक तुमचं आहे.”

त्याने डोळे मिटले. खोलीत मुलीने फरशी पुसायला घेतली. पुसत पुसत ती टेबलाखाली आली, म्हणाली, “काका, जरा पाय.” त्याने दोन्ही पाय उचलून अधांतरी धरले. नाक मात्र ग्लासातच ठेवलं.