लोकरीचा पॅड

"आजोबा, आधी मशीनला मऊ फोमचा पॅड लावून गाडीच्या एका कोपऱ्यात बघू या. तुम्हीच शिकवलंत ना?" मैथिली म्हणाली.

"मांजराचे ओरखडे फोमने जातात होय? जोरात घासणारा लोकरीचाच पॅड हवा!" जावयाला चकित करायच्या घाईत आजोबांनी पॉलिशिंग मशीन थेट त्याच्या गाडीवर टेकवलं. बॉनेटच्या कडेचा लाल रंगच उडाला. खालचा पांढरा थर उघडा पडला.

फाटक वाजलं. मैथिलीने चटकन डागावर फडकं टाकलं. "बाबांना सांगते, मशीन मीच फिरवलं."

आजोबांचे कान तापले. नात त्यांच्यासाठी खोटं बोलायला निघाली होती. त्यांनी फडकं उचललं. "शेखरराव, रंग मी घालवला. हिने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

जावयाच्या नजरेला नजर देणं जमलं; मैथिलीकडे मात्र त्यांना बघवेना.