सशिणीचं टक्कल

माझ्या गोष्टींतले ससे एरवी बोलतात. या सशिणीनं मात्र तोंड उघडलं नाही, म्हणून ही गोष्ट खरी समजा.

आमच्या सूनबाईंनी प्रयोगशाळेत बायकांसाठी एक इवलीशी गर्भनिरोधक कडी बनवली. हार्मोनचा थेंब नाही, एकदा बसवली की वर्षानुवर्षं बघायला नको. चाचणीसाठी कडी बसवलेली सशीण वर्षभर नराबरोबर नांदली, एक पिल्लू नाही! मग कडी काढली. आता पिल्लं झाली, तरच काम पुढे जाणार होतं.

महिना उलटला आणि एका सकाळी प्रयोगशाळेचे साहेब पिंजऱ्यापाशी ओरडले, "मॅडम, हिच्या छातीवर टक्कल पडलंय! तुमच्या कडीचाच प्रताप. काम बंद करा!"

सूनबाईंनी पिंजऱ्यात वाकून पाहिलं. गळालेले केस कोपऱ्यात मऊ गादीसारखे रचलेले होते आणि ती गादी चक्क हलत होती.

बोटानं केस बाजूला सारून सूनबाई टुणकन उडाल्या.

"टक्कल कसलं, साहेब! बाळंतीण आहे ती. पिल्लांना ऊब हवी म्हणून स्वतःचेच केस उपटलेत तिनं!"