मास्तरांचं गाव

निवृत्त स्टेशनमास्तरांनी मागच्या खोलीत मोठ्या फळीवर छोटी आगगाडी मांडली आणि तिच्याभोवती आपल्या नोकरीतलं शेवटचं खेडं उभं करायला घेतलं. मुलांच्या शाळेपायी बायकोला तिकडे कधी जाता आलं नव्हतं. "अकरा वर्षं तुम्ही एकट्यानं कशी काढलीत, ते बघू दे तरी मला," म्हणत तीही पदर खोचून बसली. भुशाला रंग देऊन तिनं शेतं केली, तारा पिळून झाडं केली.

गाडी पहिल्यांदा धावली त्या दिवशी त्या खेड्यातल्या स्टेशनवर रूळ बदलणारा म्हातारा सांधेवाला मुद्दाम बघायला आला. मास्तर त्याच्यासाठी खुर्ची आणायला गेले, तसा तो फळीवर वाकून एकेक घर ओळखू लागला. फाटकाजवळच्या घरावर त्याचं बोट थांबलं.

"हे मास्तरांचं बिऱ्हाड. वहिनींनी अंगणात लावलेलं डाळिंबसुद्धा विसरले नाहीत बघा."

ते डाळिंब मास्तरांनी बायकोकडून तीनदा मोडून पुन्हा करून घेतलं होतं. तिनं फळीची कड घट्ट धरली.


म्हाताऱ्यानं आपुलकीनं विचारलं, "वहिनी कुठे दिसत नाहीत? आणि तुम्ही मास्तरांच्या बहीण ना?"