लांबलेली प्रार्थना

चोरी पचली, चोर सुटले आणि पोलीस हरले. पण असं काही घडलंच नाही असं आपण धरून चालू. सार्जंट मालाकीने तसंच धरलंय, आणि बेटाच्या या टोकाला कागद लिहिणारा तोच आहे.

तर सेमीसी म्हाताऱ्या फुआतिनोच्या घरात मांडी घालून बसला होता. घराला खांब होते, छप्पर होतं, भिंती नव्हत्या. शेजारी त्याचे दोन साथीदार, ऊइली आणि आतो. ऊइलीच्या मांडीखाली चोरीची चटई. समोर, हात पुरेल एवढ्या अंतरावर, सकाळपासून तिघांच्या मागावर असलेला सार्जंट मालाकी. त्याच्या कमरेला बेड्या होत्या, पण त्या काढायची सोय नव्हती. शंख वाजला होता.

संध्याकाळचा शंख वाजला की गावात ‘सा’ लागतो. प्रार्थना संपेपर्यंत रस्त्यावर चालायचं नाही, गाडी हाकायची नाही, कुणाला धरायचं नाही. काठ्या घेतलेल्या तरुणांनी चोरांची गाडी अडवली आणि तिघांना जवळच्या घरात बसवलं. मागून पोलिसांची गाडी आली. तीही अडवली आणि सार्जंटला त्याच घरात बसवलं. सार्जंटने वाद घातला नाही. मागे एकदा घातला होता, तेव्हा गावाने दंड म्हणून त्याचं डुक्कर नेलं होतं. गुणी डुक्कर होतं.

चटई सेमीसीच्या आईने विणलेली. केवड्याच्या पाती नखाने चिरून चिरून तिने ती रेशमासारखी, अंगाला गुंडाळता येईल अशी केली, आणि त्यापायी डोळे घालवले. मग रीतीप्रमाणे चटई कुणाच्या लग्नात दिली गेली, तिथून कुणाच्या मयतीत, आणि फिरत फिरत एका हॉटेलच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकली गेली. परवा सेमीसीचा बाप वारला. उद्या सकाळी त्याला पुरणार होते. सेमीसीला एवढंच हवं होतं की चटई बापाबरोबर खाली जावी. तिथून ती कुणी उचलून नेणार नाही.

फुआतिनोने चौघांकडे नीट पाहून घेतलं आणि सेमीसीपाशी थांबली.

“सगळ्यात पापी तोंड तुझं दिसतंय. तूच सांग प्रार्थना.”

सगळ्यांनी डोळे मिटले. सार्जंट चर्चचा डीकन, म्हणजे पाद्रीबाबांचा मदतनीस होता. त्याने इतके घट्ट मिटले की गाल वर आले. सेमीसीने एक डोळा किलकिला केला, ऊइलीला कोपर मारलं आणि समुद्राकडे मान हलवली. ओहोटी होती. ‘सा’ रस्त्याला लागतो. पाण्याला लागतो असा ठराव गावाने अजून केलेला नव्हता. ऊइली आणि आतो रांगत उतरले आणि चटई डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून बापाच्या गावाकडे निघाले.

त्यांना भूशिराला वळसा घालायचा होता. सेमीसीने सावकाश सुरुवात केली. त्याने पाद्रीबाबांसाठी मागितलं, मग पाद्रीणबाईंच्या गुडघ्यासाठी, डाव्या आणि उजव्या असं वेगवेगळं. विलायती फणसाच्या झाडांसाठी मागितलं. गावातल्या कुत्र्यांसाठी मागितलं, चावणाऱ्यांसाठी जरा जास्त. ज्याने बेड्यांचा शोध लावला त्याच्यासाठीही क्षमा मागितली, त्याचीही काही अडचण असेलच म्हणाला. सार्जंटने मध्येच आशेने “आमेन” म्हणून पाहिलं. फुआतिनोने त्याला चिमटा काढला. सेमीसीची पापं संपली, तेव्हा त्याने ऊइलीची कबूल केली.

मग मागण्यासारखं काही उरेना. बापच तेवढा उरला. आई आंधळी झाल्यावर बाप रोज संध्याकाळी तिला चटईची खबर सांगायचा. आज ती अमक्या नवरीच्या अंगावर आहे, आज तमक्या सरदाराच्या घरी आहे, सगळे तुझं नाव काढतायत. सगळं खोटं. चटई कुठे आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. सेमीसीने देवाकडे त्या खोटेपणाची माफी मागितली. रस्त्यावरची पोरं काठ्यांवर रेलून ऐकत होती. अंधारून आलं होतं. दोघे पोचले असतील असा अंदाज घेऊन सेमीसी “आमेन” म्हणाला.

सार्जंटने डोळे उघडले. दोन रिकाम्या जागा पाहिल्या. तो उठला नाही.

“पोचले?”

“पोचले असतील, साहेब.” सेमीसीने दोन्ही हात पुढे केले.

“म्हणजे एव्हाना अंगणात चारचौघांत उलगडलीही असेल. लोकांनी वाहवा केली असेल.” सार्जंटने त्याचे हात हळूच खाली ढकलले. “लेका, उद्या मयतीला सगळ्यात मोठा मानकरी कोण येतोय?”

सेमीसीने याचा विचारच केला नव्हता. मयतीतली सगळ्यात चांगली चटई सगळ्यात मोठ्या मानकऱ्याला जाते. गावाने एकदा पाहिलेली चटई ना लपवता येते, ना पुरता येते. हा नियम पोलिसांच्या आधीपासून आहे.

“हॉटेलवाला येतोय, याच रस्त्याने,” सार्जंट म्हणाला. “तुझ्या बापाच्या घराण्यातल्या थोरल्या शाखेचा मानकरी तोच. तुझाच चुलता वाकून ती त्याच्या पायाशी ठेवणार, आणि तू मागे बसून आभार मानणार. दुपारपर्यंत पुन्हा भिंतीवर. मी कसली चोरी लिहू? ऊठ, गाडीतून सोडतो तुला.”

सेमीसी उठला नाही. बाहेर एकाने ‘सा’ सुटल्याचा शंख तोंडाला लावला. सेमीसी फुआतिनोकडे वळला, ताठ बसला आणि गावच्या पंचांपुढे बोलतात त्या भाषेत म्हणाला, “माननीय कुटुंबप्रमुखांस सविनय विनंती, की मघाशी माझ्याकडून अनवधानाने उच्चारलं गेलेलं ‘आमेन’ मागे घेण्यास परवानगी मिळावी, आणि पुढील सूचना मिळेपर्यंत प्रार्थना चालू आहे असं समजण्यात यावं.”