निसटलेला शब्द

रुग्णालयात आजोबांच्या खाटेशी उभी राहून सुदुमेणिका आईला सांगत होती, “अम्मा, आजोबा ‘बोटकंदा, बोटकंदा’ असं ओरडत होते. मला वाटलं, गंमत करतायत. मी हसत तिथेच थांबले. मग तेच धावत आले, मला ढकललं आणि हत्तीने त्यांनाच फेकलं.”

आईने मान खाली घातली. शाळेत सुदुमेणिकेला कोणी ‘रानटी’ म्हणू नये म्हणून घरात आपल्या वेद्दा आदिवासींची बोली नको, फक्त सिंहली बोला, अशी शपथ तिनेच आपल्या वडिलांना घातली होती. त्यांनी ती आजवर कसोशीने पाळली होती.

वडिलांनी डोळे उघडले. मुलीकडे पाहत ते सिंहलीत पुटपुटले, “चुकलो गं. घाईत हत्तीचं आपल्यातलं नाव तोंडून निसटलं. पुन्हा नाही बोलणार.”